गोव्याहून अमेरिकेत शिकायला जाताय? फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत शिरण्याआधी काय बघायचं, आणि आत गेल्यावर काय बदलता येतं

गोव्यातून बारावी करून थेट अमेरिकेत बॅचलर्सला जाणारी पोरं अजून कमीच, जास्त करून इथे फर्मागुडीला नाहीतर झुआरीनगरला इंजिनियरिंग करायचं आणि मग मास्टर्सला जायचं असंच चालतं, पण जी थेट जातात त्यांना तिकडे बॅगा उघडायच्या आधीच कोणीतरी विचारतं, रश करणार का, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीच्या भरतीत उतरणार का? मी फोंड्यात पोरांचे अ‍ॅप्लिकेशनचे निबंध आणि व्हिसाचे कागद बघून देते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना याबद्दल काहीच माहीत नसतं, आईबाबांना तर त्याहून नाही, त्यांना वाटतं हॉस्टेलचाच काहीतरी प्रकार असेल. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतेय. आपल्यासारख्या सावळ्या पोरापोरीला तिथे खरंच बरोबरीची जागा मिळते की नुसतं फोटोपुरतं घेतात, हे कसं ओळखायचं, मुख्य मुद्दा हाच.

आधी थोडक्यात हे आहे काय. ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या विद्यार्थ्यांच्या संघटना, मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरॉरिटी. एकेका संघटनेच्या देशभर वेगवेगळ्या कॉलेजांत शाखा असतात, त्या शाखेला चॅप्टर म्हणतात. काहींचं स्वतःचं मोठं घर असतं, तिथे सदस्य राहतात जेवतात, पार्ट्या होतात, समाजसेवेसाठी पैसे गोळा करतात, आणि पुढे नोकरीला ओळखी कामाला येतात, यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. आत कोणाला घ्यायचं ते कॉलेज ठरवत नाही, आधीचे सदस्य ठरवतात. निवड झाली की जे आमंत्रण मिळतं ते बिड. आणि हे सगळं मुख्यतः बॅचलर्सवाल्यांचं जग आहे, तुम्ही मास्टर्सला चालला असाल तर यातलं थोडंच तुमच्या वाट्याला येईल, तरी वाचा, कारण धाकटी भावंडं आहेत ना.

इतिहास माहीत नसेल तर आत गेल्यावर काहीच कळणार नाही

हा भाग पोरं टाळतात, टाळू नका. गोव्याच्या माणसाला तर हे लगेच कळायला हवं. देवस्थानच्या महाजनांची यादी असते, कोमुनिदादचे गांवकार असतात, त्यात नाव कोणाचं लागतं? ज्याच्या बापाचं होतं त्याचं. गावात चार पिढ्या राहिलेला, पालखीला खांदा द्यायला तयार असलेला माणूससुद्धा त्या यादीत येत नाही. अमेरिकेतल्या या संघटना कागदावर जन्मावर चालत नाहीत, पण व्यवहारात कित्येक वर्षं तशाच चालल्या, आणि तिथे यादी ठरवणारी गोष्ट होती कातडीचा रंग आणि धर्म.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी राष्ट्रीय फ्रॅटर्निटींच्या घटनेत सदस्य गोरा आणि ख्रिश्चन असावा असं चक्क लिहिलेलं होतं. ज्यूंना घेत नसत म्हणून त्यांनी स्वतःच्या काढल्या, झीटा बीटा टाउ 1898 सालची. काळ्या विद्यार्थ्यांना घेत नसत म्हणून 1906 साली कॉर्नेलमध्ये अल्फा फाय अल्फा उभी राहिली, मग 1908 साली हॉवर्ड युनिव्हर्सिटीत अल्फा कॅपा अल्फा ही सोरॉरिटी, तिथलीच 1913 ची डेल्टा सिग्मा थीटा, जिच्या मुली स्थापनेनंतर दोन महिन्यांतच वॉशिंग्टनला बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. मार्टिन लूथर किंग अल्फा फाय अल्फाचे, कमला हॅरिस अल्फा कॅपा अल्फाच्या. अशा एकूण नऊ संघटना आहेत, त्यांना डिव्हाइन नाइन म्हणतात. या कोणाला वगळायला निघाल्या नव्हत्या, बाहेर ठेवलेल्या लोकांनी घातलेली ही स्वतःची घरं आहेत, हा फरक डोक्यात पक्का ठेवा. 'त्यांची पण वेगळी असतात की मग' असं जो म्हणतो त्याला हा इतिहास माहीत नसतो.

1948 साली अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कॅपा साय च्या पोरांनी एका काळ्या विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं, तर राष्ट्रीय संघटनेने तो चॅप्टरच काढून टाकला. पोरं मागे हटली नाहीत, वेगळी होऊन चालत राहिली. 1965 मध्ये स्टॅनफर्डला सिग्मा काय च्या चॅप्टरने काळ्या मुलाला घ्यायचं ठरवल्यावर तसंच निलंबन. म्हणजे बघा, खालची पोरं तयार आणि वरचे म्हातारे आडवे, हा नमुना पुन्हा पुन्हा दिसतो आणि पुढे तुम्हाला तोच तपासायचा आहे.

पुढे घटनेतली ती वाक्यं गेली, पण माणसं निवडायची पद्धत तीच राहिली. एका सदस्याने नकार दिला तरी उमेदवार बाद, जुन्या सदस्याचं शिफारसपत्र हवं, आई किंवा बहीण आधी सदस्य असेल तर तिला प्राधान्य, ज्याला लेगसी म्हणतात. यातल्या एकाही नियमात रंगाचा उल्लेख नाही. पण ज्या घरात काळी मुलगी कधी घेतलीच नाही तिथे काळ्या मुलीची आई जुनी सदस्य असणार कशी, आणि तिला शिफारसपत्र देणार कोण?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अलाबामा युनिव्हर्सिटी. 1963 साली याच युनिव्हर्सिटीच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला उभा राहिला होता. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर 2013 मध्ये, क्रिमसन व्हाइट या विद्यार्थ्यांच्याच पेपरने छापलं की उत्तम मार्क, उत्तम घराणं असलेल्या काळ्या मुलीला सोरॉरिट्यांनी नाकारलं, आणि कित्येक ठिकाणी सदस्य मुलींना ती हवी होती पण जुन्या सदस्य बायकांनी नाव पुढे जाऊ दिलं नाही. आतल्या मुलींनी नाव देऊन तोंड उघडलं म्हणून हे बाहेर आलं. विद्यार्थी-प्राध्यापकांनी मोर्चा काढला, युनिव्हर्सिटीच्या अध्यक्ष बाईंनी भरतीचं दार पुन्हा उघडायला लावलं, मग काळ्या मुलींना बिड गेल्या आणि काहींनी स्वीकारल्या. एका आठवड्यात इतकं बदलू शकलं, म्हणजे ते आधीही शक्य होतं.

कोणती संघटना कुठल्या गटातली

कॅम्पसवर सहसा तीन-चार मंडळं दिसतील. पॅनहेलेनिक म्हणजे मुख्यतः गोऱ्या परंपरेच्या सोरॉरिट्या, राष्ट्रीय पातळीवर अशा पंचवीसेक. इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिल म्हणजे त्याच धर्तीच्या मुलांच्या. मग डिव्हाइन नाइनचं एनपीएचसी, म्हणजे नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल, 1930 साली स्थापन झालेलं. आणि मल्टिकल्चरल मंडळ, ज्यात लॅटिनो, आशियाई, दक्षिण आशियाई अशा सगळ्या येतात.

आत जायची पद्धतही वेगवेगळी आहे. पॅनहेलेनिकची भरती मोठ्या कॉलेजांत ऑगस्टमध्ये क्लास सुरू व्हायच्या आधी, म्हणजे इथे घराघरात चवथीची तयारी चाललेली असते तेव्हा तुम्ही तिकडे उन्हात ड्रेस घालून घरोघर फिरत असाल. काही कॉलेजांत ती जानेवारीत असते. आठवडाभर फेऱ्या चालतात, रोज काही घरं तुम्हाला गाळतात, तुम्ही काहींना खाली ढकलता, शेवटी दोन्ही बाजूंचे क्रम जुळवून बिड येते. डिव्हाइन नाइनमध्ये असं नसतं, बहुतेक ठिकाणी आधी काही क्रेडिट आणि चांगला जीपीए लागतो, पहिल्या सेमिस्टरला अर्जच करता येत नाही, आणि मला तुमच्यात यायचंय असं जगभर सांगत फिरायचं नसतं, शांतपणे कार्यक्रमांना जायचं, त्यांचं काम बघायचं. कोणत्याही रंगाच्या माणसाला तिथे अर्ज करता येतो. पण त्यांचं स्टेपिंग, म्हणजे पाय आपटत टाळ्यांच्या ठेक्यावरचा नाच, बघून भारी वाटलं म्हणून त्यांच्या स्टेप्स उचलून आपल्या इंडियन नाईटमध्ये नाचू नका, त्या त्यांच्या आहेत.

सगळे गट सारखे श्रीमंत नसतात हेही पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी दिसेल. गोऱ्या परंपरेच्या संघटनांची खांब-बिंब असलेली मोठी घरं, आणि कित्येक कॉलेजांत काळ्या संघटनांना घर नाहीच, एखादा दगडी चौथरा किंवा बाक असलेली छोटी जागा, तिला प्लॉट म्हणतात. घरं बांधायला जमीन आणि कर्ज मिळायचं त्या काळात यांना कॉलेजातच घेत नव्हते किंवा मूठभर घेत होते, मग घर कुठून येणार.

ब्रोशर बाजूला ठेवा आणि हे विचारा

ब्रोशरवर आणि इन्स्टावर प्रत्येक घराकडे एक काळी मुलगी, एक आशियाई मुलगी, मधोमध हसताना असतेच. त्यावरून काही कळत नाही. मला विचाराल तर फोटोत कोण आहे यापेक्षा निर्णय घेताना खोलीत कोण आहे ते शोधा. चॅप्टरची प्रेसिडेंट, भरतीची प्रमुख, खजिनदार, गेल्या तीन-चार वर्षांत या जागांवर गोरी नसलेली किती जणी होत्या? 'डायव्हर्सिटी चेअर' एवढ्या एकाच पदावर दर वर्षी सावळी मुलगी आणि बाकी सगळीकडे दुसऱ्या, असं असेल तर कामाची वाटणी कशी झालीय ते स्पष्ट आहे.

दुसरं, गेल्या वर्षी किती घेतल्या हे सगळे सांगतात, टिकल्या किती ते विचारा. पहिल्या वर्षी आलेल्या पण तिसऱ्या वर्षी नसलेल्या मुली कोण, हे जर तुम्हाला कोणी सांगू शकलं तर त्यांच्याशीच जाऊन बोला, कॉफी पाजा, अर्धा तास ऐका. सोडून गेलेल्या मुलीकडून जे कळतं ते आत असलेलीकडून कधीच कळत नाही.

तिसरं, शिफारसपत्र लागतं का आणि लेगसीला अजून प्राधान्य आहे का. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाल्यानंतर कितीतरी कॅम्पसवर ही सगळी ग्रीक पद्धत बंदच करा अशी चळवळ झाली, व्हँडरबिल्टसारख्या ठिकाणी सदस्य राजीनामे देऊन बाहेर पडले, आणि त्याच सुमारास बऱ्याच राष्ट्रीय सोरॉरिट्यांनी लेगसीचं प्राधान्य काढून टाकलं. ज्यांनी काढलं त्या ते अभिमानाने सांगतात, उत्तर गुळमुळीत आलं तर समजा काढलेलं नाही.

चौथं, शेवटची तक्रार कशाची होती आणि तिचं काय झालं. 'आमच्याकडे असं कधी झालंच नाही' हे उत्तर मला सगळ्यात वाईट वाटतं. 'झालं होतं, एका पार्टीच्या थीमवरून, आम्ही ती रद्द केली, नंतर त्या विद्यार्थ्यांच्या संघटनेला भेटलो' असं जी सांगते तिथे माणसं बोलतात एवढं तरी नक्की. थीम म्हणजे काय चालतं ते कळावं म्हणून सांगते, 2013 च्या फेब्रुवारीत ड्यूक युनिव्हर्सिटीत कॅपा सिग्माने आशियाई लोकांची नक्कल करणारी पार्टी ठेवली, आमंत्रणातलं इंग्रजीसुद्धा मुद्दाम तोडकंमोडकं, आशियाई विद्यार्थ्यांनी मोठी निदर्शनं केली आणि राष्ट्रीय संघटनेला तो चॅप्टर निलंबित करावा लागला. एखादं घर 'बॉलिवूड नाईट' ठेवत असेल तर ती ठरवायला कोण बसलं होतं एवढं विचारा.

आणि गाणी ऐका, हो गाणी. मार्च 2015 मध्ये ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत सिग्मा अल्फा एप्सिलॉनच्या पोरांचा बसमधला व्हिडिओ बाहेर आला, काळ्या माणसाला कधीच घेणार नाही, झाडाला लटकवू, असं गाणं टाळ्या वाजवून म्हणत होते. युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांनी काही दिवसांत तो चॅप्टर बंद केला, दोघांना काढून टाकलं. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते, युनिव्हर्सिटीच्या चौकशीत निघालं की ते गाणं काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय संघटनेच्या नेतृत्व शिबिराच्या क्रूझवर शिकून आलेलं होतं, आणि मग चॅप्टरमध्ये वर्षावर्षाला नव्या पोरांना दिलं जात होतं. म्हणजे एखादा वाईट पोरगा आणि एखादी वाईट रात्र असा हा प्रकार नव्हता, वारशाने खाली येत होतं. त्यामुळे सिनियर दारू प्यायल्यावर काय बोलतात, जुनी गाणी कोणती, जुने फोटो भिंतीवर कोणते, यावर लक्ष ठेवा.

ऑफिसबद्दलही एक सांगायचंय. पूर्वी अशा तक्रारींसाठी कॉलेजात डायव्हर्सिटीचं वेगळं ऑफिस असायचं, आता कित्येक राज्यांत ती बंद झाली, अलाबामात तसा कायदा 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. म्हणून अ‍ॅडमिशन मिळाल्या मिळाल्याच शोधून ठेवा की तुमच्या कॉलेजात भेदभावाची तक्रार आता कोणाकडे जाते. 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजांना वंश, रंग किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला मनाई करतं, ते अजून आहे, आणि परदेशी विद्यार्थ्यालाही तक्रार करता येते.

आपलीच माणसं असलेल्या संघटना

बरीच पोरं म्हणतात, हे सगळं नकोच, आम्ही देसी फ्रॅटमध्ये जातो. चांगला पर्याय आहे. बिंगहॅम्टनला 1994 मध्ये आयोटा नू डेल्टा सुरू झाली, मग 1998 मध्ये ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय आणि न्यूयॉर्कला सिग्मा सिग्मा रो, 1999 मध्ये यूसीएलएला बीटा काय थीटा. घराची आठवण येते तेव्हा कोणीतरी आपलं जेवण करून घालतं, दिवाळीला एकटं बसावं लागत नाही, याची किंमत पहिल्या थंडीत कळते.

पण दोन गोष्टी तपासाच. एक, 'आपली' म्हणजे कोणाची. तिकडेच जन्मलेल्या पोरांना इथून नुकत्याच आलेल्या पोराचं बोलणं गावंढळ वाटतं, कधी सगळं हिंदी-पंजाबी-गुजराती असतं आणि गोव्याचा म्हटलं की दारू आणि बीचच्या पुढे कोणी जात नाही, गोव्यातला कॅथलिक पोरगा तर त्यांना भारतीयच वाटत नाही कधीकधी. मुसलमान, बांगलादेशी, श्रीलंकेचे, नेपाळी कोणी आत आहेत का बघा. आणि जात. आडनाव विचारून, 'घरी फिश खाता की व्हेज' विचारून अंदाज घ्यायचा प्रकार विमानात बसून तिकडेही गेलाय. ब्रँडाइस युनिव्हर्सिटीने 2019 साली भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द घातला, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या सगळ्या कॅम्पसवर 2022 मध्ये आला, सिएटल शहराने 2023 मध्ये कायदाच केला. तुमच्या कॉलेजात तो नियम आहे का आणि चॅप्टरला तो माहीत आहे का, हे विचारायला लाजू नका.

दोन, रॅगिंग. तिकडे हेझिंग म्हणतात. आपली माणसं आहेत म्हणून सुरक्षित असं अजिबात नाही. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजच्या एका आशियाई अमेरिकन फ्रॅटर्निटीने नव्या पोरांना पेनसिल्व्हेनियात भाड्याच्या घरी नेलं, डोळे बांधून, पाठीवर वजन लादून, गोठलेल्या जमिनीवर धडका दिल्या, आशियाई माणसाला अमेरिकेत काय सोसावं लागतं ते समजावं म्हणे. एक पोरगा गेला. संघटनेवर खटला चालला, दोषी ठरली, त्या राज्यात दहा वर्षं बंदी आली. समाजाच्या दुःखाचं नाव घेऊन कोणी तुम्हाला मारत असेल तर तिथून त्याच क्षणी निघा, 911 लावा. डिसेंबर 2024 मध्ये हेझिंगविरोधात राष्ट्रीय कायदा झालाय, त्यामुळे कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करावी लागते, वेबसाइटवर शोधा, पाच मिनिटांचं काम. आणि दारूची वय मर्यादा 21 आहे, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना दारूच्या केसमध्ये सापडलात तर व्हिसाच अडचणीत येऊ शकतो, अमेरिकन मित्राला जे परवडतं ते तुम्हाला नाही.

आत गेलात, आता बदलायचं कसं

समजा सगळं बघून तुम्ही गोऱ्या परंपरेच्या घरात गेलात, चांगली माणसं भेटली, तरी तुम्ही तिथे दोघी-तिघीच असाल. पहिल्या वर्षी 'डायव्हर्सिटी चेअर' होशील का असं विचारतील, माझं मत आहे नाही म्हणा आणि भरतीच्या समितीत किंवा खजिन्यात जागा मागा. कारण बदल तिथे होतो.

भरतीच्या समितीत गेलात की पहिलं काम, गुण कसे देतात ते लिहून काढायला लावा. 'आमच्यात बसेल का' या एका प्रश्नावर दिलेला गुण हा सगळ्यात धोक्याचा, त्यात कपडे, उच्चार, केस, सुट्टीत कुठे जाता, सगळं शिरतं. त्याऐवजी आधी ठरवलेले तीन-चार प्रश्न सगळ्यांना सारखेच, आणि बोलणं संपल्यावर लगेच गुण, चर्चा नंतर. चर्चा आधी केली की सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलीचं मत सगळ्यांचं होतं. दुसरं, प्रत्येक फेरीनंतर कोण गळलं ते बघा. शेवटी किती आल्या यावरून काही कळत नाही, पण पहिल्याच फेरीत आठ सावळ्या मुलींतल्या सात गेल्या असं दिसलं तर गाळणी कुठे आहे ते सापडतं. एक काळजी मात्र घ्या, कोणाला तिच्या वंशामुळे गुण वाढवून किंवा कमी करून देऊ नका, काम आहे ते सगळ्यांना सारखी पट्टी लावायचं.

अलाबामात काय झालं आठवा, जुन्या सदस्य बायका. नाव अंतिम करायचा अधिकार नेमका कोणाकडे, सल्लागार म्हणून बसलेली जुनी सदस्य नाव कापू शकते का, कापलं तर कारण लेखी द्यावं लागतं का, हे चॅप्टरच्या नियमांत आणा. एवढं एक केलंत तरी पुष्कळ.

मग पैसा. वर्गणी ठिकाणाप्रमाणे सेमिस्टरला काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जाते, वर टी-शर्ट, फोटो, फॉर्मल, भेटी. ज्यांना परवडत नाही त्या आपणहून गप्प बाजूला होतात आणि मग लोक म्हणतात की आल्याच नाहीत. हप्त्यांची सोय, दोन-तीन जणींची वर्गणी माफ करणारा निधी, आणि सगळा खर्च भरतीच्या आधी एका कागदावर, हे खजिनदाराच्या हातात असतं.

बाकीच्या मंडळांशी संबंध ठेवायचा तर त्यांच्या कार्यक्रमाला जा, तिकीट काढून जा, त्यांना आपल्या घरी शोभेला बोलवू नका. जॉइंट कार्यक्रम असेल तर जागा आणि खर्च ज्याच्याकडे घर आहे त्याने करायचा, नाव दोघांचं.

कोणी वाईट बोललं तर त्याच रात्री तारीख, जागा, कोण होतं, शब्द काय होते ते लिहून ठेवा, स्क्रीनशॉट ठेवा. आधी विश्वासातल्या एखाद्या सिनियरला सांगा, मग चॅप्टरला, मग कॉलेजला, मग राष्ट्रीय ऑफिसला, आणि गंभीर असेल तर हा क्रम सोडून सरळ कॉलेजला. दर वेळी समजावून सांगायची जबाबदारी तुमचीच असं मात्र मानू नका. गोऱ्या मैत्रिणीला स्पष्ट सांगा, पुढच्या वेळी तू बोल, मी असताना तू बोल. ज्या मैत्रिणी खऱ्या असतात त्या बोलतात.

आणि हे इथूनच सुरू करा

हे लिहिताना मला सारखं वाटतं की आपण तिकडे जाऊन न्याय मागणार आणि इथे काय करतो. कर्नाटकातून आलेल्या कामगाराची पोरगी, झुआरीनगरला नाहीतर बायणाला जन्मलेली, आपल्याहून चांगली कोंकणी बोलते आणि कॉलेजात तिला घाटी म्हणतात. ईशान्येकडच्या पोरांना काय काय हाका मारतात ते लिहवत नाही. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यानंतर अ‍ॅडमिशन घेतलेल्या पोरांना 'कोट्यातला' ऐकावं लागतं. 2013 मध्ये पर्रात एका नायजेरियन माणसाचा खून झाल्यावर त्यांच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला, तेव्हा घरोघरी काळ्या माणसांबद्दल जे बोललं गेलं ते आपल्या पोरांनी ऐकलंय, आणि तेच कानात घेऊन ती अमेरिकेत काळ्या रूममेटच्या शेजारी झोपणार आहेत. म्हणून जायच्या आधीचं एक वर्ष हातात आहे तर कॉलेजच्या गॅदरिंगची कमिटी असो, स्टुडंट्स कौन्सिलची निवडणूक असो, शिगम्याचं पथक असो, त्यात कायम बाहेर राहणारं कोण आहे ते बघा आणि त्याला नुसतं पाणी द्यायच्या कामाला न लावता ठरवायच्या बैठकीत बसवा. आईबाबांनी पण विमानतळावर सोडताना 'काळ्यांपासून जपून राहा' हे वाक्य बोलू नये, मी दाबोळीला ऐकलंय ते, आणि पोरं ते विसरत नाहीत.

सही करण्याआधी

शेवटचं, कागदांचं. पॅनहेलेनिक भरतीत शेवटच्या दिवशी पसंतीक्रमावर जी सही घेतात ती बंधनकारक असते. त्यात लिहिलेल्या घराकडून बिड आली आणि तुम्ही नाकारली तर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत त्या कॅम्पसवरच्या दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरॉरिटीत जाता येत नाही, आणि एकदा दीक्षा, म्हणजे पक्कं सदस्य करून घेण्याचा विधी, झाली की पॅनहेलेनिकमधल्या दुसरीत कधीच नाही. म्हणून जिथे मन लागत नाही ते नाव यादी भरायची म्हणून लिहू नका, भरतीत मदतीला दिलेल्या सल्लागार मुली लिही म्हणतील, तरी. घरात राहायचा करार सदस्यत्वाहून वेगळा असतो, सदस्यत्व सोडलं तरी भाडं चालू राहू शकतं, बहुतेक वर्षभराचं, सही करण्याआधी तो मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवा आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. सोडायचं ठरलं तर दीक्षेच्या आधी सोडणं सोपं, ईमेलने लेखी कळवा, पोच मागा, तोपर्यंतची बाकी विचारून भरून टाका, आणि कारण द्यायची सक्ती नाही, पण वागणूक हेच कारण असेल तर त्या ईमेलमध्ये तसं लिहा आणि एक प्रत कॉलेजच्या ग्रीक लाइफ ऑफिसला पाठवा, पुढच्या वर्षी तिथे येणाऱ्या मुलीला ती नोंद उपयोगी पडेल.